तारेच्या टोकाला वजन बांधणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

लॅबमधल्या तुमच्या निरोप समारंभात मला बोलायचं होतं. शाल-श्रीफळ देऊन झालं, माइक माझ्याकडे आला आणि मी "काकांकडून खूप शिकले" एवढंच म्हणून खाली बसले. घसा दाटला होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. जे सांगायचं होतं त्यात माझी एक चूक होती, आणि भरल्या सभेत ती सांगायचं धाडस मला झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. जे तुमच्या नावावर असायला हवं होतं ते सात वर्षं माझ्या नावावर आहे.

आपलं काम न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. प्रवेगक म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र. त्याच्या व्हॅक्यूम पाइपमधून इलेक्ट्रॉनचे बंच, म्हणजे झुबके, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. त्यांची ती धार म्हणजे बीम. प्रत्येक बंच आपलं विद्युतचुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन जातो, आणि पाइपच्या आतल्या भिंतीवरून तेवढाच प्रवाह त्याच्याबरोबर धावत असतो. भिंत सलग असेल तर फारसं काही बिघडत नाही. पण बीम कुठे आहे, किती जाड आहे, किती आहे हे मोजायचं तर भिंतीला कुठेतरी भोक पाडावंच लागतं. तिथे बीमची जागा टिपणारी धातूची बटणं बसतात, पडदा आत-बाहेर करणारी पेटी बसते, तार फिरवणारा हात बसतो. बंच त्या पेटीसमोरून गेला की थोडं क्षेत्र आत शिरतं आणि बंच निघून गेल्यावरही आत घुमत राहतं. त्याला आम्ही वेक म्हणतो. मागून येणाऱ्या बंचला ते घुमणं सोसावं लागतं. कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती प्रवाहामागे किती व्होल्टेज उभं राहतं, याचा हिशोब म्हणजे इम्पीडन्स. विजेच्या सर्किटमधली ही कल्पना 1966 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत व्हित्तोरिओ वाक्कारो यांनी बीमला लावली, आणि तेव्हापासून बीमचा त्रासही ओहममध्ये मोजता येऊ लागला.

माझ्याकडे आला तो स्क्रीन मॉनिटर. बीमच्या वाटेत पडदा सरकवायचा, त्यावर उमटलेला ठिपका कॅमेऱ्याने टिपायचा आणि काम झालं की पडदा मागे घ्यायचा. पडदा मागे असताना पेटीचं तोंड झाकायला एक शील्ड पुढे येतं आणि त्याच्या कडेच्या बेरिलियम-कॉपरच्या स्प्रिंगपट्ट्या दोन्ही बाजूंच्या पाइपला टेकतात. त्यांना सगळे फिंगर्सच म्हणतात. मी संगणकावर पेटी काढली, शील्ड काढलं, फिंगर्सच्या जागी सलग कडं काढलं. बंचच्या मागे 10 मीटरपर्यंतची वेक काढली. 1.9 गिगाहर्ट्झजवळ एक बुटका उंचवटा आला, साधारण 400 ओहमचा. अहवालात लिहिलं, 'उपकरण सुरक्षित'. दुसऱ्या दिवशी सकाळी आढावा बैठक होती.

संध्याकाळी तुम्ही लॅब बंद करायला आलात आणि माझ्या टेबलावरचा आलेख उचललात. इम्पीडन्सच्या आलेखाकडे तुम्ही पाहिलंच नाही. त्याच्या मागचा वेकचा कागद काढलात आणि शेवटच्या टोकावर बोट ठेवलंत.

"हे अजून हलतंय की गं. संपायच्या आधीच तोडलंस होय?"

मी म्हटलं, नेहमी एवढीच लांबी घेतात. तुम्ही म्हणालात, "नेहमी म्हणजे कुणी? ह्या पेटीनं सांगितलं व्हय?" आणि स्टूल ओढून बसलात. तुमची सातची बस होती. ती गेली.

त्या रात्री मला जे उमगलं ते आज मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते. 10 मीटरची वेक घेतली की आलेखाची नजर सुमारे 30 मेगाहर्ट्झची होते. त्याहून अरुंद काहीही त्याला नीट दिसत नाही. आणि त्या पेटीतला मोड, म्हणजे ती ज्या ठरावीक फ्रीक्वेन्सीला घुमते तो तिचा सूर, जेमतेम 1 मेगाहर्ट्झ रुंद होता, कारण त्याचा क्यू, म्हणजे घुमणं किती टिकतं याचा आकडा, जवळजवळ 1900 होता. घंटा वाजवून लगेच कान झाकले तर ती किती वेळ वाजणार होती ते कसं कळावं? माझा 400 ओहमचा उंचवटा खरा 4 किलोओहमचा निघाला. चूक दहापट होती. "असल्या मोडला वेकच्या मागं लागू नको, आयगेनमोड सॉल्व्हर लाव, तो एका फटक्यात फ्रीक्वेन्सी न् क्यू देतो," हेही तुम्हीच सांगितलंत. आयटीआय करून नोकरीला लागलेला माणूस पीएचडी करणाऱ्या मुलीला सॉल्व्हर कुठला लावायचा ते सांगत होता, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. वाटलं ते मला. तेव्हा थोडी शरम वाटली होती, आता नुसती कृतज्ञता वाटते.

निघताना तुम्ही कपाटातून एक पिवळी पडलेली झेरॉक्स काढून दिलीत. सर्नच्या एसपीएस प्रवेगकातली हकीकत होती. 2002 मध्ये तिथे एलएचसी या सर्नच्या मोठ्या प्रवेगकासाठीचा जास्त तीव्रतेचा बीम फिरवताना वायर स्कॅनरच्या, म्हणजे बीममधून तार फिरवून त्याची जाडी मोजणाऱ्या उपकरणाच्या, कार्बनच्या तारा तुटल्या. त्या तुटल्या तेव्हा बीममध्ये नव्हत्याच, बाजूला आपल्या जागी उभ्या होत्या. स्कॅनरची पेटीच कॅव्हिटी, म्हणजे क्षेत्र घुमवणारी पोकळी, होऊन बसली होती. तिचे मोड 350 मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होत होते, 700 च्या आसपास इम्पीडन्स मोठा होता, आणि कार्बनची तार ती ऊर्जा मजेत पिऊन तापत होती. बीम मोजायला ठेवलेल्या तारेला बीमने न शिवता जाळलं होतं. ती झेरॉक्स मी रात्री तीन वेळा वाचली. तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नुसतं उभं राहणं असं काही नसतं'.

सकाळच्या बैठकीत मी उठून म्हटलं की माझा आकडा चुकलाय, मला दोन आठवडे द्या. तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे होतात. चूक तुम्ही दाखवली हे मी सांगितलं नाही आणि तुम्हीही चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. हे मी विसरलेले नाही काका.

मग ते दोन आठवडे. टेबलावर पेटी, तिच्यातून आरपार ताणलेली अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार, दोन्ही टोकांना नेटवर्क अॅनालायझर, म्हणजे एका टोकाने सिग्नल सोडून दुसरीकडे किती पोचला ते मोजणारं यंत्र. बीम लॅबमध्ये आणता येत नाही, पण मधोमध ताणलेल्या तारेभोवतीचं क्षेत्र वेगवान बीमच्या क्षेत्रासारखंच असतं. 1974 मध्ये स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रात सँड्स आणि रीस यांनी ही युक्ती मांडली आणि जगभरच्या लॅब आजही तीच वापरतात. पुस्तकात ती चार ओळींत संपते. तुमच्याबरोबर दोन दिवस नुसती तार लावण्यात गेले.

30 मिलिमीटर त्रिज्येच्या पाइपात ती तार म्हणजे सुमारे 287 ओहमची लाइन होते आणि केबल 50 ओहमची. मध्ये सांधा नीट जुळवला नाही तर लाट दोन टोकांत आपटत राहते आणि नसलेले मोड दिसायला लागतात. तुम्ही ड्रॉवरमधून 240 ओहमचे रेझिस्टर काढलेत, दहा-बारा मोजून त्यातले दोन निवडलेत आणि पाय इतके आखूड कापलेत की मला डाग देता येईना. मग तुम्हीच दिलात. तार कप्पीवरून खाली सोडून तिला एक किलोचं वजन बांधलंत. आणि मग तुम्ही बोटाने तार छेडलीत, मान कलती केलीत, वजन जरा सावरलंत, पुन्हा छेडलीत.

तेव्हा मला कळलं की तुम्ही मिरजेचे. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी तुमचं घर होतं, शाळेतून येताना तुम्ही तंबोऱ्यांना तारा चढवताना बघत उभे राहायचात. आधी साध्या पाइपची मोजणी, मग पेटीची. दोन्हींचं गुणोत्तर घेऊन त्याच्या लॉगरिदमवरून इम्पीडन्स काढायचा. दोन्ही वेळा तारेचा झोल सारखा नसेल तर ते गुणोत्तर फुकटच. "दोन्ही बारीला एकसारखी वाजली पायजे," तुम्ही म्हणालात. झोल मोजायला लॅबमध्ये चांगली साधनं होती. पण तुमचा कान लवकर सांगायचा, आणि मी नंतर दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा तो बरोबर निघायचा.

आणि मोजणीत जे आलं ते सॉल्व्हरलाही माहीत नव्हतं. 4 किलोओहमच्या दुपटीहून मोठं शिखर. मी पुन्हा कॅलिब्रेशन केलं, पुन्हा तेच. संगणकातलं कडं सलग होतं. खऱ्या पेटीत 24 फिंगर्स होत्या आणि ड्रॉइंगप्रमाणे त्या सगळ्या टेकत होत्या. तुम्ही खिशातून पतंगाच्या कागदाची पट्टी काढलीत, एकेका फिंगरखाली घातलीत आणि ओढून पाहिलीत. जिथे फिंगर घट्ट तिथे कागद अडायचा, फाटायचा. पाच ठिकाणी तो अलगद निघून आला. सगळ्या एका बाजूला, ओळीने. शील्ड केसभर तिरकं बसत होतं.

त्यानंतरचा क्षण मला आयुष्यभर पुरेल. तुम्ही तांब्याच्या पत्र्याचा तुकडा त्या पाच फिंगर्सवर ठेवलात आणि अंगठ्याने दाबलात. "स्क्रीनकडं बघ." शिखर माझ्या डोळ्यांदेखत खाली बसलं. अंगठा काढलात, वर आलं. दाबलात, खाली. किती वेळा करायला लावलं मी तुम्हाला! तोवर इम्पीडन्स माझ्यासाठी आलेखावरची रेघ होती. त्या दुपारी तो तुमच्या अंगठ्याखाली होता.

तारेवर पूर्ण विश्वास ठेवू नकोस, हेही तुम्ही बजावलंत. तार पेटीत गेली की पेटी बदलते, मोड सरकतो, क्यू उतरतो. म्हणून मोड कुठे आहे ते तारेने शोधलं, आणि तार काढून दोन छोट्या अँटेना घालून क्यू वेगळा मोजला. एसपीएसच्या लोकांनीही दोन्ही वाटा चोखाळल्या होत्या. तुमच्या झेरॉक्समध्ये ती ओळ अधोरेखित होती.

एवढा आटापिटा कशासाठी, असं अजून कुणी विचारलं तर मी इंदूरच्या इंडस-2 या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या रिंगचं उदाहरण देते. बंचना ऊर्जा देणारी 505.8 मेगाहर्ट्झची आरएफ, म्हणजे रेडिओ लहर, परिघात बंच बसायच्या 291 जागा, म्हणजे बकेट, म्हणजे फेरीची फ्रीक्वेन्सी सुमारे 1.738 मेगाहर्ट्झ. बंच समान भरलेले नसतील तर बीमच्या स्पेक्ट्रममध्ये दर 1.738 मेगाहर्ट्झला एक रेघ असते. अशा रिंगमध्ये 1 मेगाहर्ट्झ रुंदीचा मोड कुठेही असो, जवळची रेघ 0.87 मेगाहर्ट्झपेक्षा लांब नसतेच. आणि आरएफच्या पटीतली मोठी रेघ नेमकी मोडवर बसली, तर 200 मिलिअँपिअर प्रवाहाला 10 किलोओहम म्हणजे 800 वॅट. व्हॅक्यूममध्ये, जिथे वारा नाही, तिथे एक इस्त्री सुरू करून ठेवल्यासारखं. प्रवाह दुप्पट केला तर चार इस्त्र्या. शिवाय बंच एकमेकांना ढकलत अस्थिर होणार ते वेगळंच.

बैठकीत फेराइट, म्हणजे अशी घुमणारी ऊर्जा शोषणारा चुंबकीय पदार्थ, बसवायची सूचना आली. तुम्ही एरवी बैठकीत बोलत नसत, त्या दिवशी बोललात. फेराइट मोडचा क्यू पाडतं, पण उष्णता नाहीशी करत नाही, स्वतः पितं, आणि व्हॅक्यूममध्ये ती बाहेर काढायची कशी? 2012 मध्ये एलएचसीत सिंक्रोट्रॉन प्रकाशावरून बीम पाहणाऱ्या दुर्बिणीचा आरसा बीमच्या उष्णतेने खराब झाला, त्यात फेराइटही अतोनात तापलं होतं. "आधी शील्ड सरळ करू. मग लागलं तर बघू." शील्डची मार्गिका बदलली, फिंगर्सचा दाब वाढवला, कागदाची चाचणी कायमची तपासणी यादीत गेली. शिखर 4 किलोओहमच्या खाली आलं, आणि शील्डमधल्या फटी अरुंद केल्यावर आणखी उतरलं. फेराइट लागलं नाही.

अहवाल माझ्या नावाने निघाला. परिषदेत मी तो मांडला, टाळ्या मिळाल्या, पुढची नोकरी त्यावर मिळाली. शेवटच्या पानावर 'तांत्रिक साहाय्याबद्दल लॅबच्या कर्मचाऱ्यांचे आभार' अशी एक ओळ होती. ती मीच लिहिली होती, सगळे लिहितात तशी. वेक तोडलेली आहे हे पाहणारे तुम्ही, फिंगर्स टेकत नाहीत हे शोधणारे तुम्ही, फेराइट अडवणारे तुम्ही. तुमचं नाव लेखकांच्या यादीत घालावं हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. नवीन लेखात, या मॉनिटरच्या पुढच्या आवृत्तीवरच्या, तुमचं नाव लेखक म्हणून आहे. तुमची परवानगी न विचारता मसुद्यात घातलंय. नको म्हणू नका.

कप्पी आणि ते एक किलोचं वजन अजून खिडकीजवळच्या टेबलावर आहे. मी कुणाला हलवू देत नाही. पुढच्या महिन्यात बटणांचा नवा बीपीएम, म्हणजे बीमची जागा सांगणारा मॉनिटर, मोजणीला येतोय. बटणाभोवतीची फट 0.3 मिलिमीटरची आहे, बटण 10 मिलिमीटरचं, म्हणजे फटीतला पहिला मोड सव्वानऊ गिगाहर्ट्झच्या आसपास असणार, आणि तिथवर या टेबलावर तार नीट चालेल का याची मला धास्ती आहे. गेटवर तुमचा पास काढून ठेवते. सातच्या बसच्या आत सोडीन असं वचन देत नाही, पण घरी मी सोडीन.

काकूंना नमस्कार.

तुमची,
आरएफ लॅबमधली पोरगी