करिअर पुरवणीत भूकंपशास्त्र कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीच्या निकालानंतर आपण काढलेली करिअर पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. नर्सिंग, फार्मसी, कृषी पदविका, पोलीस भरती, एआय, सगळं आहे. भूकंपशास्त्र आणि भूभौतिकी (भौतिकशास्त्राच्या आधारे पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास) या विषयांवर मात्र एक ओळही नाही. पुण्या-मुंबईच्या आवृत्तीत हे राहिलं असतं तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. पण पुरवणी खास खानदेशासाठी होती.

आपला मुलूख सोन-नर्मदा-तापी या भ्रंशपट्ट्यावर, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या लांबलचक भेगांच्या पट्ट्यावर, वसला आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ रिश्टरचा भूकंप झाला होता. १९७० चा भडोचचा आणि १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच पट्ट्यातले. चोपड्याजवळच्या उनपदेवला आपण गरम पाण्याच्या झऱ्यात हातपाय धुऊन येतो, त्या झऱ्यांचं नातंही भूगर्भातल्या याच भेगांशी जोडलं जातं. नंदुरबार जिल्ह्यात जमीन थोडी हलली की दुसऱ्या दिवशी आपल्याच अंकात सावळद्याच्या भूकंपमापन केंद्राचं नाव छापून येतं. भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या नकाशात खानदेशाचा बहुतांश भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात आहे. त्यात तापीकाठी गाळाचे जाड थर. कठीण खडकापेक्षा अशा गाळात हादरे वाढतात. २००१ मध्ये केंद्रबिंदू कच्छात असूनही दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, सुरतेतही माणसं दगावली. सुरतेत आपल्या घरटी कुणीतरी कामाला आहे, त्यामुळे ते दिवस इथल्या लोकांना वेगळे सांगायला नकोत.

मी शहाद्यात बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. बीएस्सी झालेली आमची हुशार मुलं एक तर बीएडला जातात, नाही तर एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसतात. भूभौतिकीचं नाव काढलं की पालकांचा प्रश्न ठरलेला, "हाई शिकीसन नोकरी भेटी का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या पुरवणीत यायला हवं होतं.

उत्तर असं. केंद्रीय लोकसेवा आयोग दरवर्षी भूवैज्ञानिक परीक्षा घेतो. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूभौतिकीतज्ज्ञ भरले जातात, आणि त्या पदाला साधी भौतिकशास्त्रातली एमएस्सीही चालते. आमच्या भागात हे माहीत असलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला. जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेतून आयआयटी मुंबईत उपयोजित भूभौतिकीच्या एमएस्सीला जाता येतं. धनबाद, खरगपूर, रुरकी याही जागा आहेत. एमटेकसाठीच्या गेट या प्रवेशपरीक्षेत भूविज्ञान व भूभौतिकीचा वेगळा पेपर असतो. सिव्हिलवाल्यांसाठी तर रुरकी आहेच. तिथे भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण १९६० पासून चालू आहे आणि गेटवर एमटेकला प्रवेश मिळाला की महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पुढे पीएचडीला नेटची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर ३७,००० रुपये. ज्या घरात मुलाने लवकर कमवावं अशी अपेक्षा असते तिथे हे आकडे महत्त्वाचे ठरतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

कामाच्या जागाही फार दूर नाहीत. नाशिकची 'मेरी' ही राज्य सरकारची अभियांत्रिकी संशोधन संस्था धरणांभोवतालच्या भूकंपांच्या नोंदी ठेवते. कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. १९६७ च्या कोयना भूकंपाचं मूळ समजून घेण्यासाठी तिने जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. हैदराबादला एनजीआरआय ही राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. नवापूर ओलांडलं की गुजरात लागतं आणि २००१ च्या भूजच्या धक्क्यानंतर त्या राज्याने गांधीनगरला भूकंप संशोधनाची स्वतंत्र संस्थाच उभारली. किल्लारीत सुमारे दहा हजार माणसं गेली, तरी तेवढ्या तोडीची स्वतंत्र संस्था आपल्या राज्याने काढली नाही, याची खंत वाटते.

आता परिषदांविषयी, कारण आपल्याकडे हा शब्द पार बिघडला आहे. महाविद्यालयात एका दिवसाची 'राष्ट्रीय परिषद' होते, शुल्क भरायचं, जेवायचं, प्रमाणपत्र घ्यायचं. मुलांना वाटतं परिषद म्हणजे एवढंच. भूकंप अभियांत्रिकीची जागतिक परिषद १९५६ मध्ये बर्कलीला सुरू झाली, १९७७ मध्ये ती दिल्लीत भरली होती आणि २०२४ मध्ये मिलानला झाली. तिथे जाणारा विद्यार्थी कित्येक महिने आधी आपल्या कामाचा गोषवारा पाठवतो, तो तपासून घेतला जातो, मग पोस्टरसमोर उभं राहून अनोळखी तज्ज्ञांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पहिली नोकरी किंवा पीएचडीचा मार्गदर्शक पुष्कळदा तिथेच सापडतो. खर्चाची धास्ती असते, पण निबंध स्वीकारला गेला तर तरुण संशोधकाला प्रवासखर्चासाठी केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे अर्ज करता येतो. इटलीत त्रिएस्ते इथली आयसीटीपी ही संस्था विकसनशील देशांतल्या संशोधकांकडून कार्यशाळांना शुल्क घेत नाही, निवडक लोकांना प्रवास-निवासाची मदतही करते. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यातल्या अभियंत्यांनी जपानच्या त्सुकुबा इथल्या भूकंप अभियांत्रिकीच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. ते १९६० च्या दशकापासून चालू आहे आणि आपल्यासारख्या देशांतल्या लोकांसाठीच आहे.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून आपल्याला हे जमणार नाही, असं मुलं म्हणतात. जमतं. भूकंपलहरींच्या नोंदी इंटरनेटवर फुकट मिळतात, त्या वाचण्याचं ऑबस्पाय हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. पायथॉन ही संगणकाची भाषा थोडी आणि लहरींचं गणित पक्कं असलं की तळोद्यात बसूनही कामाला हात घालता येतो. नेपाळमध्ये तर शाळांतून स्वस्त भूकंपमापक बसवले आहेत. (व्हॉट्सअॅपवर 'उद्या भूकंप येणार' असे निरोप फिरवणाऱ्यांनीही हे शिकावं. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं आजही कुणाला जमलेलं नाही.)

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जळगावच्या आपल्या विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा आहे. तिने आणि भौतिकशास्त्राच्या विभागाने मिळून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या बीएस्सीच्या मुलांना भूकंपाच्या नोंदी वाचायला शिकवणारा एखादा आठवड्याचा वर्ग घ्यावा. सावळद्याचं केंद्र वर्षातून एखादा दिवस विद्यार्थ्यांना दाखवावं. आणि आपण पुरवणीत या विषयाला एक पान द्यावं. जॅम आणि गेटचे अर्ज साधारण सप्टेंबरच्या आसपास भरले जातात, भूवैज्ञानिक परीक्षेची जाहिरातही त्याच सुमारास येते. पान ऑगस्टमध्ये छापलंत तर या वर्षीच्या मुलांच्या कामी येईल. मजकूर हवा असल्यास मी लिहून द्यायला तयार आहे.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
शहादा, जि. नंदुरबार