किडनीभोवतीच्या चरबीची नोंद सीटी रिपोर्टात हवी

संपादक महोदय,

माझी सारी नोकरी नागपुरात ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून झाली. किडनीच्या गाठीबद्दल एक गोष्ट रुग्णांच्या कानावर वेळेत जात नाही, म्हणून लिहिते आहे.

गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असली की हल्ली शक्यतो तेवढीच काढतात आणि बाकी किडनी वाचवतात. त्यामुळे नातेवाइकांना गाठीचे माप तोंडपाठ असते. पण ऑपरेशन किती अवघड जाईल हे एकट्या गाठीवर ठरत नाही. किडनीभोवती चरबीचा थर असतो आणि गाठीपर्यंत जायला आधी तो सोडवावा लागतो. बहुतेकांत तो संत्र्याच्या सालीसारखा सुटतो, काहींत मात्र मोसंबीच्या सालीसारखा घट्ट चिकटलेला असतो. ओढला की किडनीचे पातळ आवरणच सोलून येते आणि उघडा पडलेला भाग सगळीकडून पाझरू लागतो. अशा वेळी नामांकित सर्जनही बोटभर जागेसाठी झगडताना मी पाहिले आहेत. एकीकडे गॉज पुढे करायचे, दुसरीकडे सक्शनच्या बाटलीतले रक्त बघायचे. (गाठीवरची चरबी मात्र तशीच ठेवून तपासणीला पाठवतात, गाठ चरबीत शिरली असेल तर आजाराची पायरी बदलते.) कधी दूरबिणीने सुरू केलेले ऑपरेशन पोट उघडून संपवावे लागते, कधी किडनीच काढावी लागते. बाहेर भंडारा-गोंदियाहून आलेली माणसे घड्याळ बघत बसलेली असतात. आत काहीतरी चुकले, असेच त्यांना वाटते.

माणूस जाड म्हणून चरबी चिकट, असेही नाही. अंगाने बेताच्या माणसांतही ती सापडते. पुरुषांत आणि वाढत्या वयात प्रमाण जास्त.

याचा अंदाज सीटी स्कॅनवरून आधी बांधता येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2014 साली त्यासाठी गुण ठरवून दिले. किडनीच्या मागची चरबी 1 सेंटिमीटरपेक्षा कमी जाड असेल तर 0, 2 च्या आत असेल तर 1, 2 किंवा जास्त असेल तर 2. चरबीत रेषा-धागे दिसले तर आणखी 2, फार दाट असले तर 3. बेरीज 5 पर्यंत जाते. जितकी जास्त, तितकी चरबी चिकटलेली असण्याची शक्यता जास्त. नवे यंत्र नको, जादा खर्च नको. तरी माझ्या पाहण्यातल्या रिपोर्टांत याबद्दल चकार शब्द नसायचा. अनुभवी सर्जन फिल्म स्वतः बघतात, हे खरे. पण गडचिरोलीचा माणूस दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला निघतो तेव्हा त्याच्या हातात बरेचदा तेवढा कागदच असतो.

शहरातल्या रेडिओलॉजिस्ट मंडळींना कळकळीची विनंती, रिपोर्टात चरबीबद्दल दोन ओळी लिहाव्यात. आणि सर्जननी संमतीपत्रावर सही घेण्याआधी, आदल्या दिवशी, नातेवाइकांना बसवून सांगावे: चरबी चिकटलेली दिसते, वेळ जास्त लागेल, रक्ताची सोय करून ठेवा, किडनी वाचवण्याचा पूर्ण प्रयत्न करू, पण काढावीही लागू शकते.

– एक निवृत्त परिचारिका, नंदनवन, नागपूर