पूजेला वेळ मिळत नाही म्हणतोस म्हणून

डोंबिवली,
माउलींची पालखी निघाली त्याच आठवड्यात

प्रिय मन्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली, सात मिनिटांची, ती पण रात्री पावणेबारा वाजता पाठवलेली, म्हणजे तुझे अमेरिकावाले तेव्हा कुठे सुटले असणार. उत्तर व्हॉट्सअॅपवर टाईप करायला घेतलं आणि ते वाढतच गेलं, म्हटलं सरळ पत्रच लिहू, तू निवांत वाच, नाहीतर मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून वाच, तेही चालेल.

काका गेल्यावर साताऱ्याच्या घरातले देव तू बंगलोरला नेलेस हे फार बरं केलंस. नाहीतर हल्ली पाहतो ना, भावाभावांत जमिनीवरून भांडणं होतात आणि देवांचं मात्र 'तू ने, तू ने' चालतं. पण आता तू जो प्लॅन केलायस त्याचा हिशोब तरी केलास का रे? पहाटे पाचला उठणार, षोडशोपचार पूजा, मग विष्णुसहस्रनाम, अकरा माळा जप, वर अर्धा तास ध्यान. मी कागदावर मांडून बघितलं. पूजा पाऊण तास, सहस्रनाम घाई न करता अर्धा तास, तेरा अक्षरी रामनामाची एक माळ पाच-साडेपाच मिनिटं म्हणजे अकरा माळांना एक तास, आणि ध्यान. पावणेतीन तास झाले बघ! आणि झोपणार साडेबाराला. हे फार तर नवरात्र होईपर्यंत चालेल, नंतर तू आजारी पडशील आणि दोष देवाला देशील.

काका करायचे ते तुझ्या डोळ्यासमोर आहे हे कळतं मला. पण काकांना तू पाहिलंस ते रिटायर झाल्यावरचे, सोवळं नेसून दीड तास देवापुढे. नोकरीत असताना ते सकाळची एसटी पकडायचे तेव्हाची पूजा काकूंना विचार. माझे बाबा पण तसेच, कारखान्याची पहिली पाळी असली की आचमन, प्राणायाम, अर्घ्य आणि दहा वेळा गायत्री, बस, संध्या संपली, डबा घेऊन बाहेर. मी लहानपणी विचारलं होतं की आजोबा तर एकशेआठ करतात, तुम्ही दहाच कसे? तर म्हणाले १०८ जमलं तर १०८, नाहीतर २८, नाहीतर १०, हे मी नाही ठरवलेलं, ज्यांनी संध्या लिहिली त्यांनीच ठरवून ठेवलंय.

मला तुला एवढंच सांगायचंय खरं तर. आपल्याकडे कमी वेळाची सोय आधीपासून आहे, ऑफिसला जाणाऱ्यांसाठी कोणी आत्ता शोधून काढलेली नाही. षोडशोपचार पूजेत पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा आणि सोळा उपचार, पहिलीला आवाहन, दुसरीला आसन, सहावीला स्नान असं करत शेवटी मंत्रपुष्प. पण त्याच पूजेची पंचोपचारी पण आहे, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, दहा मिनिटांत होते. वस्त्र नाही? गुरुजी काय म्हणतात आठव, 'वस्त्रार्थे अक्षतां समर्पयामि', चार तांदूळ वाहिले की वस्त्र पोचलं. दागिने नाहीत, आभूषणार्थे अक्षता. आणि काहीच नसेल तर मानसपूजा, तिला तर ताम्हण-पळी पण लागत नाही. तुला सहस्रनामच हवं ना, त्याची फलश्रुती कधी नीट वाचलीस का? शेवटी पार्वती शंकराला विचारते, 'केनोपायेन लघुना', म्हणजे हे हजार नावांचं पंडित लोक रोज म्हणतात ते लहानशा उपायाने कसं होईल ते सांगा. प्रत्यक्ष पार्वतीने शॉर्टकट मागितलाय मन्या! आणि शंकर चिडत नाहीत, तपश्चर्या कर म्हणून पिटाळत नाहीत, सांगतात की रामनाम घे, ते हजार नावांच्या बरोबरीचं आहे. हाच 'राम रामेति रामेति' श्लोक आपण रामरक्षेच्या शेवटी शाळेत असल्यापासून म्हणत आलो.

तर रोजचं छोटं ठेव. मोठं करायला आपल्याकडे ठरलेले दिवस आहेतच की, एकादशी, संकष्टी, श्रावणातले सोमवार, त्या दिवशी घाल सुट्टी आणि बस तासभर. दोन्हीची सरमिसळ केली की रोजचंही होत नाही आणि सणाचंही.

आता वेळ कधी काढायचा. पाचचं डोक्यातून काढ. ब्राह्ममुहूर्त वगैरे सगळं खरं आहे, पण तो दहाला झोपणाऱ्यांचा. तुझ्या दिवसात कधीच न चुकणारी गोष्ट एकच आहे, आंघोळ. साडेआठला तू आंघोळ करतोस आणि दहाला तुझी पहिली मीटिंग. आंघोळ झाली की लॅपटॉप उघडायच्या आत देवापुढे बसायचं, ओल्या केसांनी बसलास तरी देव काही म्हणत नाहीत. फोन मात्र बेडरूममध्ये. एकदा का मेल बघितली की संपलं, मग हातात पळी आणि डोक्यात क्लायंट. पूजा दहा-बारा मिनिटं, मग आसनावरून न उठता एक माळ. अकरा नाही, एक. काही महिन्यांनी वाटलं तर दुसरी धर, पण मुद्दाम ओढूनताणून वाढवू नकोस, आपोआप वाढली तर वाढू दे.

आणि देव कमी कर रे थोडे. चिडू नकोस, देवांचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा हे साताऱ्याचं सगळं राहू दे. पण तू फोटो पाठवलास त्यात मी मोजायचा प्रयत्न केला, तिरुपतीचा, शिर्डीचा, अक्कलकोटचा, लग्नात मिळालेले तीन गणपती, कुठल्या तरी कंपनीने दिवाळीला दिलेली लक्ष्मी, ती प्लास्टिकची आहे का? सगळ्यांना रोज गंध आणि फूल म्हणजे तुझी निम्मी पूजा वाटपातच जाते. फोटो भिंतीवर लाव, उदबत्ती ओवाळली की झालं. पितळेचे देव रविवारी चिंचेने घास, रोज नुसतं स्नान आणि पुसणं.

एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. तुझ्या पूजेची तयारी कोण करतं? वहिनी परवा हिच्याशी बोलताना हसत हसत म्हणाल्या की ह्यांची पूजा वीस मिनिटं आणि माझी पूजेची तयारी अर्धा तास. फुलं, वाती, गंध उगाळून ठेवणं, निर्माल्य काढणं, नंतर ताम्हण धुणं. तू जो वेळ काढतोयस असं तुला वाटतं तो निम्मा त्यांचा आहे. हे आपल्या सगळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि आजोबांच्या दीड तासाचं कौतुक करताना आजी किती वाजता उठायची हे कोणी विचारत नाही, असो. उपाय सोपा आहे. रविवारी देव घासताना टीव्हीसमोर बसून आठवड्याच्या वाती आणि कापसाची वस्त्रं करून डब्यात भरून ठेव, तुला येतात, काकूंनी शिकवलीयत. तिकडे बाजारात फुलांच्या माळा मोळाच्या, म्हणजे हाताच्या, मापाने मिळतात ना, दोन मोळ शेवंती आण, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये टाक, तीन-चार दिवस जाते. गंध स्वतः उगाळ. सहाणेवर खोड फिरवताना पाण्याचे दोनच थेंब घाल, जास्त झालं की पांचट होतं आणि देवाच्या कपाळावरून ओघळतं. त्या दोन मिनिटांत मन जितकं जागेवर येतं तितकं मला तुझ्या त्या मेडिटेशनच्या अॅपमध्ये कधी आलं नाही, माझं मत हं.

अॅपवरून आठवलं, सकाळी स्पीकरवर सहस्रनाम लावून ठेवतोस ते चांगलंय, उच्चार सुधारतात, घरात बरं वाटतं, पण ते तुझं म्हणणं धरू नकोस. त्यापेक्षा रोज दहा श्लोक स्वतःच्या तोंडाने म्हण. अडखळत का होईना.

संध्याकाळी सातला तुझे कॉल असतात म्हणजे दिवेलागण तुझ्या हातात नाही. ती लेकीकडे दे. तिला निरांजन लावू दे वहिनींच्या देखरेखीखाली, शुभंकरोति आणि जमलं तर मारुतीस्तोत्र. आपल्या लहानपणी त्यानंतर पाढे असायचे, पावकी-निमकीपर्यंत, ते मात्र तिच्यावर लादू नकोस बिचारीवर.

माझं विचारत होतास तर माझा हरिपाठ लोकलमध्ये होतो. ज्ञानेश्वर माउलींचे सत्तावीस अभंग, मनातल्या मनात वाचले तर वीसेक मिनिटं, ठाणं येऊन जातं. पण आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे त्यामुळे मनातल्या मनात राहतच नाही. खिडकीशी विठ्ठलाचा फोटो, त्याला हार, दोघांकडे टाळ, एकजण डब्याच्या पत्र्यावरच ठेका धरतो, आणि असा धरतो की पखवाज नाही हे कळत नाही. कोणाचा फोन आला की टाळवाला टाळांमध्ये रुमाल घालतो, तेवढ्यापुरता आवाज बसतो. ज्यांना झोपायचं असतं त्यांना त्रास होतो हे मला मान्य आहे, त्यावरून वाद पण होतात, मग आवाज खाली येतो आणि दोन स्टेशनांनी परत चढतो. एकजण घाटकोपरला उतरतो, त्याच्या वाट्याला आमची शेवटची आरती कधीच येत नाही, तो जिना चढता चढता एकटाच म्हणत जातो, आम्हाला खिडकीतून त्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. आता त्याला कोणी सांगितलं की सोवळ्यात, पाटावर, पूर्वेला तोंड करून बस, तर तो काय करेल?

आणि चुकलं एखाद्या दिवशी तर चुकू दे. दुसऱ्या दिवशी डबल करून भरपाई करायला जाऊ नकोस, ईएमआय आहे का तो? प्रवासाला निघालात की आमच्याकडे देव तांदळात ठेवतात आणि आल्यावर त्या तांदळाची खीर होते, तुमच्याकडे काय पद्धत आहे ते काकूंना विचारून घे, त्यांना बरं पण वाटेल विचारलंस की.

आषाढी दोन आठवड्यांवर आली, चातुर्मास लागतोय. नेम धरायचा तर ह्याहून चांगला मुहूर्त नाही, कार्तिकीला सोडता येतो, म्हणजे जमलं नाही तरी पळवाट आहे. मी या वर्षी दासबोधाचा रोज एक समास घेतोय. दोनशे समास आहेत म्हणजे कार्तिकीपर्यंत पुरा होणार नाही, पुढचा नंतर बघू. तू कांदा-लसूण सोडायच्या भानगडीत पडू नकोस, वहिनींना दोन स्वयंपाक पडतील. एक माळ धर आणि काय ठरवलंस ते मला कळव, पण ग्रुपवर टाकू नकोस, तिथे लगेच सत्तर हात जोडलेले येतील.

बाकी, गणपतीत येणार आहेस ना? आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ऋषिपंचमीला सकाळी सहाला अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं असतात, फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनाला, दीड तासात आटपतं आणि वर मसालेभात. गेल्या वेळी बायकांची रांग आमच्यापेक्षा स्पष्ट म्हणत होती, त्यामुळे यंदा आम्हाला एक चांगला आवाज पाहिजेच आहे. उद्यान एक्सप्रेसचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे या आठवड्यातच बघ, कल्याणला उतर, मी येतो घ्यायला. काकूंना नमस्कार, लेकीला पापा, वहिनींना सांग की वातींचं मी बोललोय.

तुझा,
सुध्या