माळावर पाणी न्यायचे आहे, हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या माळावर होळीनंतरही वाळके गवत उभे असते, आणि त्याच दिवसांत गावची जनावरे अर्धपोटी असतात. शहरातल्या पाहुण्यांना हे पटत नाही. पण ते गवत टेकाडाच्या पलीकडे आहे आणि पाणी अलीकडच्या ओढ्यात. जनावर चरत चरत तेवढेच लांब जाते, जिथून तहानेला परत येणे जमेल. ऊन 40 अंशांच्या वर गेले की गुरे पाण्यापासून दीड-दोन किलोमीटरच्या पुढे सहसा सरकत नाहीत. मग ओढ्यालगतची हरळी मुळापर्यंत खुरडली जाते, तिथल्या मातीचा खुरांखाली फुफाटा होतो, आणि पलीकडचा मारवेल-पवन्या जागेवरच वाळून मोडतो. दुष्काळात आपण चारा छावणी मागतो. आमच्या माळाला आधी पाणी हवे आहे.

जनावराला पाणी वासाने सापडते, असे बरेच जण म्हणतात. वासाचा थोडाफार उपयोग होत असेलही, पण खरे काम आठवणीचे असते. कळपातली जुनी मेंढी किंवा थोराड गाय वाट धरते, बाकीची मागे लागतात, कोकरू आईमागे जाऊन पाणवठा शिकते. सांगोल्याच्या बाजारातून आणलेली खिलार गाय आमच्या माळावर सोडली, तर तिला पाणी दाखवावे लागते. ओढ्यातली डबकी आटली की आठवणीतली वाट कोरड्या खड्ड्यापाशी नेते. तिथे जनावरे नुसती उभी राहतात. हे बघवत नाही.

पावसाळ्यात हा प्रश्न नसतो. हिरव्या गवतात 70 ते 80 टक्के पाणीच असते, त्यामुळे मेंढरे हौदाकडे फारशी फिरकत नाहीत. कडब्यात ते जेमतेम 10 टक्के. उन्हाळ्यात शेळी-मेंढीला दिवसाला 5 ते 8 लिटर, गाईला 40 ते 60 लिटर आणि दुभत्या म्हशीला त्याहूनही जास्त पाणी लागते. पाणी कमी पडले की जनावर आधी खाणे सोडते, मग दूध आटते.

सध्या जनावरे मिळेल तिथे पितात. तलाव मागे सरकला की काठाला गुडघाभर चिखल उरतो. त्यात अशक्त गाय रुतते, आणि तिथल्या गोगलगायींमुळे यकृतात चपट्या कृमींची लागण होते. साचलेल्या कोमट पाण्यावरचा निळसर-हिरवा तवंग कधी कधी विषारी निघतो. कागद अंथरलेल्या शेततळ्यात उतरलेली शेळी तर निसरड्या उतारावरून वर येऊच शकत नाही.

म्हणून गावाने ठरवले आहे की टेकाडावर 10,000 लिटरची टाकी बसवायची. पाणी एका शेतकऱ्याच्या विहिरीचे, त्यांनी तसे लेखी दिले आहे. वीज असेल तेव्हा टाकी भरायची आणि तिथून उताराने पाणी पलीकडच्या चराईत तीन हौदांत सोडायचे. सातआठशे शेळ्या-मेंढ्या आणि शंभरेक गुरांना एवढ्यात एक दिवस निभतो. दीड किलोमीटर पाईप दोन फूट खोल पुरायचा आहे, कारण उघड्या पाईपमधले पाणी दुपारी इतके तापते की जनावर तोंड लावत नाही.

हौद गोल न करता लांबट करणार आहोत. लांबून आलेला कळप एकदम पाण्यावर पडतो. जागा अपुरी असली की दांडगी पितात आणि निघतात, आणि मागे राहिलेली बुजरी तहानलेलीच त्यांच्यामागे चालू लागतात. मेंढरांसाठी एक हौद बुटका ठेवू, आणि आत दगडांचा उतार करू, म्हणजे पडलेले करडू किंवा ससा बाहेर येईल. बॉलकॉकवर लोखंडी जाळी हवीच, म्हशीच्या शिंगापुढे तो टिकत नाही. रात्री काळविटे येतील, कोल्हे येतील. त्यांनीही प्यावे.

आमच्याकडे जागा आहे, विहीर आहे, खोदाईला हात आहेत. नाही ते पाईप, सिमेंट, टाकी आणि मोटार. वस्तू दिली तरी चालेल. जुनी पण चालू मोटार चालेल, वापरलेला पाईप मात्र नको, सांधे गळत राहतात. टँकर पाठवू म्हणणाऱ्यांचे आभार, पण टँकर दोन दिवसांत संपतो.

आणखी एक मागणे आहे, त्याला सहसा कोणी दाता मिळत नाही. हौद दर पंधरवड्याला रिकामा करून घासावा लागतो, आतून चुना लावावा लागतो, नाहीतर शेवाळ धरते. या कामाला एक माणूस ठेवायचा आहे. त्याच्या वर्षभराच्या मजुरीचा भार कोणी उचलला, तर समितीला ती देणगी टाकीहून मोलाची वाटेल. हौदावर कुणाच्याही नावाची पाटी लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रोख किंवा खात्यावर दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती ग्रामपंचायत कार्यालयात मिळेल, खात्याचा तपशीलही तिथेच. हिशेब दर महिन्याला चावडीच्या फलकावर लागेल. खोदाई येत्या रविवारी सकाळी सहाला सुरू होते. सोलापुरातून येणाऱ्यांनी टोपी आणि स्वतःची पाण्याची बाटली आणावी, न्याहारी गावाकडून. पाडव्याला पहिला हौद भरायचा आहे.

आपली,
गाव पाणवठा समिती