एका डब्यात दोघे

संपादक महोदय,

निकाल घसरला की हजेरी, मोबाइल, क्लासेस यांवर भरपूर बोलले जाते. मुलगा आदल्या रात्री काय जेवला, हे कोणी विचारत नाही. पुण्यातल्या सदाशिव पेठ, नवी पेठ, कर्वेनगर भागात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांत महिनाअखेरीस ‘एका डब्यात दोघे’ हा सर्रास तोडगा असतो. मेसवाल्या मावशींना ते कळते, त्या दोन पोळ्या जास्त घालतात. तरी हिशेब जुळत नाही.

एका डब्यातल्या चार पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि मूदभर भात म्हणजे साधारण ८५० कॅलरी आणि २२ ते २५ ग्रॅम प्रथिने. बैठे काम करणाऱ्या तरुणाला दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी लागतात, आणि प्रथिने वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या मुलाला ५० ग्रॅम. दोन्ही वेळचे पूर्ण डबे खाल्ले तरी जेमतेम भागते. डबा वाटला की निम्म्यावरच येते. उरलेली भूक चहा-बिस्किटांवर मारली जाते. ती तासाभरात पुन्हा लागते. मग प्रॅक्टिकलला हात थरथरतात, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, ‘लक्ष नसते’. मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाची भर. राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे. त्यात जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. चहा तासभर पुढे ढकलणे आणि डब्यावर लिंबू पिळणे, एवढे तरी जवळपास फुकटात जमते. खोलीवर शेगडी नसली तरी मूठ-दोन मुठी, म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे ठेवता येतात. त्यांतून दहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

पैशाचे म्हणाल तर शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्यातल्या पात्र विद्यार्थ्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेले आहेत, त्यांपैकी भोजनभत्ता ३२,०००. दिवसाला ८८ रुपये. रक्कम तुटपुंजी आहेच, पण खरी गोची वेळेची आहे. मेसचे पैसे एक तारखेला आगाऊ द्यावे लागतात, भत्ता मात्र हप्त्याने आणि मागाहून येतो. शिवाय आपले आधार नेमके कोणत्या बँक खात्याला जोडले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. रक्कम गावाकडच्या, वापरात नसलेल्या खात्याकडे वळते आणि अडकते. अर्ज भरतानाच कॉलेजच्या कार्यालयाने एवढे तपासले तरी बरेच साधेल. रेशनकार्डावरचे महिन्याचे माणशी पाच किलो धान्य आता पुण्यातल्या दुकानातही अंगठा लावून उचलता येते. पण ज्याच्याकडे शेगडी नाही त्याने तांदूळ घेऊन करायचे काय?

पूर्वी याच पेठांत मुले वार लावून, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका ठरलेल्या घरी जेवून शिकली. त्यात मिंधेपणा होता, पण मंगळवारी कुठे जेवायचे हे ठरलेले असे.

आमची सूचना कुपनांची आहे. गरजू विद्यार्थ्याला महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी वीस कुपने. साठ रुपयांच्या थाळीच्या हिशेबाने माणशी १,२०० रुपये, पन्नास जणांचे ६०,०००. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून हे अवघड नाही. मात्र तीन पथ्ये पाळावीत. नावांची यादी फळ्यावर लावू नये. ती लागली की सर्वांत गरजू मुलगाच आधी नाव मागे घेतो. कुपन पैसे भरणाऱ्यांच्या कुपनासारखेच असावे, रंगसुद्धा तोच. आणि मेसवाल्याचे बिल पंधरा दिवसांनी चुकते करावे, कारण त्याला भाजी आणि गॅस रोखीने घ्यावा लागतो. बिल तीन महिने थकले की सर्वांत आधी वरण पातळ होते.

गरजू ओळखायचे कसे? ‘जेवलास का?’ याचे उत्तर नेहमी ‘हो सर’ असेच येते. मेंटॉर शिक्षकाने एकट्याला गाठून ‘काल रात्री कुठे जेवलास? काय होते?’ असे विचारावे. उत्तराआधी जी चाचरण्याची वेळ जाते, तीच पुरेशी असते.

बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात आणि सोमवारी सकाळी पेपर असतो. निदान परीक्षेच्या महिन्यात त्या एका रात्री कॉलेज कॅन्टीन नऊपर्यंत उघडे ठेवून मुगाची खिचडी द्यावी. येत्या सत्रापासून हे सुरू होऊ शकते.

— विद्यार्थी कल्याण क्षेत्रात काम करणारे काही प्राध्यापक व आहारतज्ज्ञ, पुणे