आण्णा, तुमचं भिंग अजून माझ्याच बॅगेत हाय

आण्णा, नमस्कार. फोनवर आभार म्हटलं की तुम्ही ‘ठेव आता, मशीनवर जॉब लागलाय’ म्हणून कट करता, रिटायर झालाय तरी तेच कारण, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, कोणतरी दाखवेलच तुम्हाला. (बाकीच्यांसाठी, मी बाईच आहे, कोल्हापूरची आहे, आमच्यात पोरी पण येतो-जातोच म्हणतात.)

बी.कॉम. करून मी उद्यमनगरात एका टूल्सच्या दुकानात बिलिंगला लागलो होतो. टॅली, चलन, जीएसटी, सहा वाजले की केएमटीची बस पकडून घर. सेल्सचा विचार स्वप्नात पण नव्हता, बाहेर फिरणारा पोरगा सोडून गेला आणि मालक म्हणाले, गाडी चालवतीस न्हवं, मग उद्यापासनं शिरोली आणि गोकुळ शिरगाव तू बघ. आईनं दोन दिवस बोलणं टाकलं. एमआयडीसीत गेटवरचा वॉचमन न विचारताच सांगायचा, मॅडम, इंटरव्ह्यू त्या बाजूला.

आता ते सांगतो जे मी आजपर्यंत गोल गोल सांगत आलो. २०१८ चा मार्चएंड, टार्गेट अडकलेलं, दुकानात निळ्या लेबलचे इन्सर्ट, म्हणजे मशीनवर धातू कापायचे छोटे बदली तुकडे, पडून होते. निळं म्हणजे पी ग्रेड, स्टीलसाठी. तुमच्या मशीन शॉपमध्ये सगळं काम फौंड्रीतनं आलेल्या कास्ट आयर्नचं, त्याला लाल लेबलचं के ग्रेड लागतं. मला माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगितलं पण आण्णा, माहीत होतं. ५ डबे, म्हणजे ५० नग, ‘चालतंय सगळीकडं, स्कीम आहे’ म्हणून तुमच्या स्टोअरमध्ये टाकून आलो.

चार दिवसांनी तुमचा फोन. येताना पोटात गोळा. तुम्ही काही न बोलता सीएनसी मशीनजवळ नेलं, इन्सर्ट कापडानं पुसला, खिशातनं भिंग काढलं आणि म्हणाला, बघ. कडेखाली घासून चकचकीत पट्टा पडलेला, नखाला लागत होता. ‘चार कडा हैत ह्याला, एकेक कड निम्म्या नगांतच जातीया, पोरगं सारखं मशीन थांबवून कड फिरवतंय, त्याचं प्रॉडक्शन भरंना. इन्सेंटिव्ह त्याचा गेला आणि तुझा आला.’ तो ऑपरेटर तिथंच उभा होता, माझ्याच वयाचा, मान खाली घालून हात पुसत होता. मग तुम्ही विचारलंत, ‘माल विकायला येतीस का खपवायला?’

३ डबे परत नेले, फोडलेल्या दोनचे पैसे माझ्या पगारातनं गेले, मालक महिनाभर धुसफुसत होते. आणि तुम्ही काय केलंत, तर त्याच आठवड्यात पलीकडच्या शॉपला माझा नंबर दिला! पोरगीनं माल परत नेला म्हणून. हे मला दीड वर्षानं कळलं, तेही दुसऱ्याकडनं.

कोटेशन द्यायच्या आधी ऑपरेटरजवळ उभं राहायचं, स्पीड, फीड, कट किती घेतोस विचारायचं, पर्चेसवाल्याच्या एसीत नंतर जायचं, हे तुमच्याकडनंच शिकलो. नंतर कंपनीनं पुण्यात ट्रेनिंग दिलं, नाही म्हणणाऱ्या कस्टमरला कसं गुंडाळायचं ह्यावर अख्खा दिवस, शिवाय ‘येतो नाही, येते म्हणा’ हे वेगळंच. एसी आणि जेवण मात्र चांगलं होतं.

२०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद, माझा माल पुण्याकडं अडकलेला, आणि गोकुळ शिरगावचं एक गिऱ्हाईक लाइन थांबेल म्हणून रडकुंडीला आलेलं. कागलला आमच्या पक्क्या कॉम्पिटिटरकडं तोच साइज होता, मीच त्याचा नंबर दिला. साहेबांचा ओरडा खाल्ला. गिऱ्हाईक अजून माझ्याकडंच आहे, पण नसतं राहिलं तरी नंबर दिलाच असता, खरं सांगतोय.

आता कोल्हापूर-सांगली एरिया माझ्याकडं आलाय, हाताखाली दोन पोरी आहेत. परवा एकीला तुमचं भिंग धरून पहिल्यांदा घासलेली कड दाखवली, ती म्हणाली मॅडम दिसंना, म्हटलं उजेडाकडं फिरव.

रविवारी जयसिंगपूरचं भडंग घेऊन येतो. काकूंना सांगा, चहा बिनसाखरेचा, आणि भिंग परत मागू नका.