गाडी हलवायचा दिवस

ती. आई-बाबांना सा. न.

आपल्या कुत्र्याला, बंड्याला घेऊन राहायची सोय असलेल्या व्हॅनने निघायचं ठरवलंत, बरं वाटलं. मुक्कामाच्या दिवसांबद्दल मला काही सांगायचं नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले जमतात. हे पत्र फक्त गाडी एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामाला हलवायच्या दिवसाबद्दल आहे. सगळी चिडचिड त्या दिवशी होते आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा उशीर असतो. उशीर झाला की थांबे गाळले जातात, थांबे गाळले की कुत्रं कोंडलं जातं आणि धापा टाकत भुंकायला लागतं. त्यात चालवणाऱ्याचं लक्ष उडतं, आणि अंधारात अनोळखी जागी गाडी लावताना छपरावरची झडप फांदीला अडकते.

बाबा, फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवतो तो कारचा. व्हॅन जड आणि उंच. चढाला मागे पडते, उताराला खालच्या गिअरमध्ये हळू न्यावी लागते, आडवा वारा सुटला की वेग कमी करण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून त्या वेळेत आणखी पाव भाग मिळवा आणि दर दोन तासांनी पंचवीस मिनिटांचा थांबा धरा. नकाशावर पाच तास दिसले तर गाडीचे सव्वासहा आणि तीन थांब्यांचा सव्वा तास मिळून साडेसात होतात. सकाळी आठला निघालात तर साडेतीनला पोहोचाल. याहून लांबचा टप्पा एका दिवसात करूच नका. शिवाय वाटेत मुक्कामाची आणखी एक जागा हेरून ठेवा आणि तिथे कुत्रं चालतं का हे आधी फोन करून विचारा. दुपारी दोनला मुक्काम अजून तीन तासांवर असेल, तर सरळ त्या दुसऱ्या जागी वळायचं. हा निर्णय आईचा. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला नेहमी ‘आता थोडंच राहिलं’ असं वाटत असतं.

आदल्या संध्याकाळची कामं थोडी आहेत. टायरची हवा गार टायरलाच तपासायची. चालून तापलेल्या टायरचा आकडा फुगलेला येतो. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. अशा गाड्या उभ्या जास्त असतात, त्यामुळे नक्षी खोल राहते पण रबर कडेला चिरतं. स्टेपनीचाही कोड बघा. पाण्याची टाकी भरून निघू नका, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो; पोहोचेपर्यंतच्या वापराला वीस-पंचवीस लिटर पुष्कळ. गाडीची उंची छपरावरच्या पंख्यासकट मोजून, मीटर आणि फूट दोन्हीत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा.

गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह निघण्याआधी सिलिंडरपाशीच बंद करायचा. गॅसवर चालणारा फ्रिज प्रवासात १२ व्होल्टवर घ्यायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि बंड्या झोपतो तळाशीच. गॅस बाहेर जावा म्हणून जमिनीलगत जी भोकं किंवा जाळी ठेवलेली असते, तिच्यावर त्याचं अंथरूण अजिबात येता कामा नये. आई, तुझं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण मागच्या बर्फ धरणाऱ्या भिंतीला टेकवू नकोस. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

आता बंड्या. चालत्या गाडीत त्याला मोकळा सोडायचा नाही, कितीही केविलवाणा बघितला तरी. करकचून ब्रेक लागला तर वीस किलोचा कुत्रा थेट तुमच्या मानेवर येईल. छातीवरून जाणारा, अपघात-चाचणी झालेला हार्नेस घ्या आणि त्याचा पट्टा सीटबेल्टला अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. झटक्याने गळा आवळला जातो. पिंजरा वापरणार असाल तर तो जमिनीला पक्का बांधलेला हवा. पुढच्या सीटवर बसवू नका, एअरबॅग त्याच्या उंचीसाठी बनवलेली नसते.

सकाळचं खाणं निघण्याआधी तीन-चार तास आणि नेहमीच्या निम्मंच. सतत लाळ, ओठ चाटणं, पुन्हा पुन्हा जांभया ही मळमळीची लक्षणं. ती दिसली की उलटीची वाट न बघता थांबा. व्हेट प्रवासासाठी मारोपिटंट ही उलटी रोखणारी गोळी देतात. ते निघण्याआधी दोन तास, घासभर खाण्यातून द्यायचं. प्रवासाचा डोस साध्या उलटीच्या डोसापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे घरातल्या उरलेल्या गोळीवर भागवू नका. गुंगीचं औषध मात्र व्हेटने स्वतः सांगितल्याशिवाय नको. काही गुंगीच्या औषधांनी कुत्रं शांत दिसतं, भीती मात्र आत तशीच असते, आणि उन्हात शरीराचं तापमान सांभाळणं त्याला जड जातं. पाण्याचा कॅन वेगळा ठेवा. किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली, म्हणजे वीस किलोला सव्वा लिटरच्या आसपास. उन्हाच्या दिवशी दुप्पट धरा.

सगळ्यात जास्त भीती मला उकाड्याची वाटते, म्हणून हे नीट वाचा. बाहेर फक्त २१ अंश असले तरी उन्हात बंद गाडीत दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० अंश होतात. काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. छपराचा पंखा बाहेरचीच हवा आत घेतो, तिच्यापेक्षा गार करत नाही. पंख्याला दोन-तीन अँपिअर लागतात, ते बॅटरीला सहज झेपतात. एसी तेवढ्यावर चालत नाही. १०० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतले ५०च वापरायचे, आणि गाडी थोडा वेळ शांत उभी राहिल्यावर १२.२ व्होल्ट दिसले की निम्मी संपली असं समजायचं. थोडक्यात, खायला किंवा बाथरूमला दोघांनी एकदम उतरायचं नाही. एकाने बंड्यापाशी थांबायचं. रस्त्याच्या कडेला फिरवण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ असतं. घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या आणि काही केल्या न थांबणाऱ्या धापा दिसल्या तर दवाखान्याकडे पळण्याआधी त्याला गार करायला घ्या. सावलीत अंगभर गार पाणी ओता, तोंड-नाक सोडून, आणि गाडीचा एसी किंवा पंखा थेट अंगावर सोडा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, तो तापतो आणि उष्णता आत कोंडते. गुदद्वारातलं थर्मामीटर ३९.५ दाखवेल तेव्हा पाणी थांबवा, मग निघा. तो सावरल्यासारखा दिसला तरी जायचंच. आतल्या अवयवांची इजा काही तासांनी कळते.

थांब्यावर दार उघडण्याचा क्रम ठरवून टाका. इंजिन बंद, चावी खिशात, आधी लीश अडकवायची, मग सरकतं दार, आणि उतरायचं रहदारी नसलेल्या बाजूने. बरीच कुत्री याच क्षणी पळतात, कारण दार आधी उघडलेलं असतं आणि लीश शोधणं चाललेलं असतं. गळ्यातल्या बिल्ल्यावर चालू फोन नंबर हवा, त्याच्या कातडीखालच्या चिपच्या नोंदीतलाही तपासून घ्या. त्याला पायरीवरून उचलू नका. दुमडता येणारा रॅम्प घ्या, बाबांची कंबर त्याच्यापेक्षा महाग आहे. आणि हो, तुम्ही दोघांनीही तेवढ्यात पाच मिनिटं चाला. बसून बसून पाय सुजतात आणि त्यात तुम्ही बसल्यावर हलत नाही, हे मला माहीत आहे.

वेगाच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर लावून, रहदारी नसलेल्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे जा. बंड्या आत शांत असेल, उकाडा नसेल आणि धूर किंवा गॅसचा वास येत नसेल, तर तो आतच बरा. बाहेर घाबरून त्याने हिसका दिला तर तुमच्यापैकी कोणीतरी रस्त्यावर ओढलं जाईल. धूर किंवा वास असेल तर विचार करत बसू नका, लीश लावून त्याला घेऊनच बाहेर पडा. टायर बदलला असेल तर ५० ते ८० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे, ते बसतात आणि सैल होतात.

पोहोचल्यावर आधी बंड्याला वीस मिनिटं चालवा. गाडी सपाट करणं, वायर जोडणं, पाणी भरणं सगळं नंतर. त्याचं अंथरूण धुऊ नका, घरचा वास असू दे. नव्या जागी त्याला तेवढीच ओळख असते. झोपण्याआधी कानामागे, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतो ना ते बघा.

व्हेटशी गोळीबद्दल मी बोलते, पण त्यासाठी बंड्याचं आजचं वजन लागेल. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं कोणी मनातही आणू नका. दवाखान्यात मोठा काटा असतो, तिथे करून मला कळवा.

तुमची,
मनू